अज्ञात वाहन

या सदरात एरवी मी शब्दांच्या पाठीस लागतो. दिवाळी अंकासाठी काही खुसखुशीत लिहा, असे संपादकांनी सांगितले होते, आणि फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायचा मजकूर खुसखुशीत असावा हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे. परंतु यंदा जो शब्द डोक्यात घर करून बसला आहे, तो काही केल्या चकलीच्या जातीचा होईना. तो तुम्हीही रोज वाचता. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, एका कोपऱ्यात, चार ओळींच्या बातमीवर तो असतो : 'अज्ञात वाहनाच्या धडकेने पादचारी ठार.'

'अज्ञात' म्हटले की आपल्याला पांडवांचा अज्ञातवास आठवतो. ते बिचारे द्यूतात हरले आणि अटीप्रमाणे वर्षभर विराटाच्या घरी कोणी आचारी, कोणी नृत्यशिक्षक होऊन राहिले. त्यांच्या अज्ञातवासाला निदान मुदत होती. आपल्या बातमीतले वाहन मात्र कायमचे अज्ञातवासात जाते. आणि गंमत पाहा, या जगात मोटारीइतकी ज्ञात वस्तू दुसरी नसेल. तिला पुढेमागे नंबर असतो. इंजिनाला वेगळा, सांगाड्याला वेगळा. मालकाचे नाव-गाव सरकारी नोंदीत असते. विम्याच्या कागदावर तिची कुंडली असते, आणि टोलनाक्यावर पैसे कापून घेणारी पट्टी काचेवर चिकटवलेली असते. एवढ्या ज्ञात वस्तूला अज्ञात म्हणायचे म्हणजे भाषेने फारच मोठे मन दाखवायचे. वस्तुतः वाहन अज्ञात नसते. एका माणसाला ते पक्के ठाऊक असते; तो सांगत नाही, एवढेच.

पळून जाण्याला आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही. पोबारा करणे, काढता पाय घेणे, धूम ठोकणे, पसार होणे, पाठ दाखवणे. 'पायाला बुद्धी सांगणे' हा तर खास आपल्याकडचा मासला. थांबण्याला मात्र एकच शब्द : थांबणे. तो अगदी साधा आहे, त्यात काही पराक्रम दिसत नाही. कदाचित म्हणूनच तो प्रसंगी आठवत नसावा.

हे सारे आज सुचण्याचे कारण आमच्या ओळखीचे एक गृहस्थ. नाव कशाला हवे? बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन, कोणाच्या अध्यात ना मध्यात. चाळीस वर्षे गाडी चालवली. तीत सिग्नल मोडल्याचा दंडसुद्धा नाही. मध्यंतरी महिना-दोन महिने त्यांची गाडी आच्छादन घालून उभी दिसू लागली आणि स्वतः ते पिशवी घेऊन रिक्षाच्या रांगेत. कोणी विचारले तर म्हणत, "डॉक्टरांनी तूर्त गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय. डोळ्यांचं जरा..." झाले! आपल्याकडे डोळ्यांचे जरा झाले की शेजाऱ्यांचे बरेच होते. एकाने मोतीबिंदूच्या डॉक्टरांचा पत्ता दिला, दुसऱ्याने गाजराचा रस सांगितला, तिसऱ्या बाईंनी कोणत्याशा आश्रमातले डोळ्यांत घालायचे थेंब आणून दिले. गृहस्थ ते थेंब घेऊन निमूटपणे घरी गेले. डोळे त्यांचे ठणठणीत होते. गेले होते ते ड्रायव्हिंग लायसन.

खरी हकीकत त्यांनी पुढे मला स्वतःच सांगितली. एका लग्नाहून ते परत येत होते. बरोबर पत्नी, सूनबाई आणि सात वर्षांचा नातू. संध्याकाळची वेळ, दिवे लागायचे होते. एका खेड्याच्या फाट्यावर एक सायकलवाला बाजूच्या कच्च्या रस्त्याने एकदम वर आला. यांनी गाडी वळवली, पण आरशाचा फटका बसून तो सायकलीसकट कडेच्या चरात पडला. यांनी ब्रेक दाबला. गाडी अगदी हळू झाली. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, थांबू नका! लोक जमतील." दुसरा आवाज : "बाबा, पिंट्या आहे बरोबर." पायाने ब्रेक सोडला. पुढचे चाळीस किलोमीटर गाडीत कोणी बोलले नाही. एकदा पिंट्याने मात्र विचारले, "आजोबा, त्या काकांना लागलं का?" आजीने त्याला पाण्याची बाटली दिली.

तिसऱ्या दिवशी पोलीस दारात आले. पुढच्या टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्याने मोडका आरसा आणि नंबर दोन्ही टिपले होते. सायकलवाला गवंड्याच्या हाताखाली काम करणारा मनुष्य. पायाचे हाड मोडले होते. तो बराच वेळ चरात पडून होता. अखेर दुधाच्या टेम्पोवाल्याने उचलून त्याला दवाखान्यात नेले. पुढे रीतसर सारे झाले. सायकल एकाएकी आडवी आली हे तपासात निघाले, त्यामुळे बेदरकारपणे गाडी चालवल्याचा ठपका काही यांच्यावर आला नाही. शिक्षा झाली ती न थांबल्याची आणि न कळवल्याची. दंड भरावा लागला, आणि तीन महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवून परवाना जमा करून घेतला.

"माझी चूक नव्हती हे त्यांनीच मान्य केलं," गृहस्थ मला म्हणाले, "आणि लायसन मात्र घेतलं! हा कुठला न्याय?"

मी काही बोललो नाही. काही वेळाने तेच खालच्या आवाजात म्हणाले, "कोर्टाच्या व्हरांड्यात तो माणूस भेटला. कुबडी घेऊन आला होता. भांडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, साहेब, तुमची गाडी हळू झाली होती. मागचे लाल दिवे लागलेले मी बघितले. मला वाटलं, थांबतायत."

ही हकीकत मी अनेकांना, नावे गाळून, सांगून पाहिली. बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया गृहस्थांसारखीच होती : चूक नसताना लायसन कसे जाते? या प्रश्नाचे उत्तर कायद्यात अगदी सरळ लिहून ठेवलेले आहे, आणि ते आपण वाचलेले नसते. ही गोष्ट मात्र मोठी नवलाची, कारण आपण त्यात उत्तीर्ण झालेले असतो! केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला अकरावा नियम शिकाऊ परवान्याच्या परीक्षेचा आहे. रस्त्यावरच्या खुणा आणि सिग्नल यांच्या पाठोपाठ त्यात दुसराच विषय दिला आहे तो हा की, आपल्या वाहनामुळे कोणी मेला, जखमी झाला किंवा कोणाच्या मालमत्तेची हानी झाली, तर चालकाची कर्तव्ये कोणती. म्हणजे हा धडा अभ्यासक्रमात आहे. आपण तो पाठ करतो, पास होतो आणि, आमच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच, पेपर संपताच विसरतो.

तो धडा थोडक्यात असा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४. अपघातात माणूस जखमी झाला तर चालकाने त्याला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात नेऊन उपचार मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व करायचे. पोलीस विचारील ती माहिती द्यायची. पोलीस तेथे नसेल तर जवळच्या ठाण्यावर जाऊन शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, घडले ते सांगायचे. विमा कंपनीलाही कळवायचे. चूक कोणाची, हा प्रश्न या कलमात कोठेच नाही. तो पुढे न्यायालय पाहील. धडक कोणामुळेही झालेली असो, थांबायचे तुम्ही.

आणि न थांबलात तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा तसेच केल्यास कैद वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांचा. पण माझ्या मते खरा अर्थपूर्ण भाग कलम २० मध्ये आहे. कलम १३४ मोडल्याचा दोष सिद्ध झाला की न्यायालयाने त्या माणसाला वाहन चालवण्यास अपात्र ठरवलेच पाहिजे आणि ते निदान एक महिना तरी. येथे न्यायाधीशांच्या दयाबुद्धीला वाव ठेवलेला नाही. न्यायालयाशिवाय खुद्द परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम १९ खाली, तुमचे म्हणणे ऐकून घेऊन, परवाना काढून घेता येतो. आणि सार्वजनिक धोक्याची जी कृत्ये त्यासाठी नियमांत मोजली आहेत, त्यांत वाहनाची चोरी आहे, प्रवाशांना मारहाण आहे, आणि त्याच ओळीत कलम १३४ न पाळणेही आहे. आमच्या गृहस्थांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चोराच्या पंक्तीला बसायची त्यांची तयारी नव्हती! अधिकाऱ्याच्या हुकुमाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. पण परवाना जमा असताना "कोपऱ्यापर्यंतच जातो" म्हणून गाडी काढलीत, तर तो आणखी एक गुन्हा, दहा हजारांच्या दंडाचा किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा.

सरकारी मराठीत लायसनला 'अनुज्ञप्ती' म्हणतात. आपण त्या शब्दाला हसतो, कारण तो उच्चारेपर्यंत सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल होतो. 'परवाना' हा फारसीतून आलेला शब्द आपल्याला जवळचा. पण दोन्हींचा अर्थ एकच : परवानगी. आणि परवानगी ही अटीवर असते. आपली समजूत अशी की, परवाना म्हणजे हात बसल्याचा दाखला. आठाचा आकडा न अडखळता काढला, पाय टेकला नाही, झाले काम. रस्त्यावर टनभर वजनाचे लोखंड पळवायची मुभा समाज ज्याला देतो, त्याच्याकडून तो एवढीच हमी घेतो की, या लोखंडाने कोणाला लागले तर तू तेथून हलणार नाहीस. हात कितीही बसलेला असला तरी अपघात व्हायचा तो होतो. सायकल कोठून येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. थांबणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते. म्हणूनच अपघाताची चूक माफ होऊ शकते आणि न थांबल्याचा परवाना मात्र जातो. यात मला तरी न्याय दिसतो.

आता पळणारे सारे दुष्ट असतात काय? मुळीच नाही. दारू प्यालेला, परवाना नसलेला, विमा संपलेला, असे पळतात ते वेगळे. परंतु आपल्यासारखी चारचौघांतली माणसे पळतात ती भीतीने, आणि ती भीती आपण घरात जोपासलेली असते. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे वाक्य आपण मुलांना शुभंकरोतीच्या बरोबरीने शिकवतो. 'आपण बरे की आपले काम बरे' हे त्याचे पुढचे कडवे. त्या संध्याकाळी गाडीच्या मागच्या बाजूने जो आवाज आला तो एका बाईचा नव्हता. तो आपल्या साऱ्या वर्गाचा होता.

या भीतीत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. जमाव मारतो, हे खरे आहे. पण कायद्यालाही ते ठाऊक आहे! कलम १३४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आपल्या आवाक्याबाहेरच्या अन्य कारणाने शक्य नसेल तर जखमीला नेण्याची सक्ती नाही. जिवाचे भय असेल तर निघा. मात्र निघायचे ते थेट जवळच्या पोलीस ठाण्याकडे, आणि वाटेतूनच ११२ ला किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला दूरध्वनी करायचा. जमावापासून दूर जाणे आणि जबाबदारीपासून दूर जाणे यांत फरक आहे तो एवढाच : गाडी ठाण्याकडे वळली की घराकडे.

दुसरी भीती दवाखान्याची. 'पोलीस केस आहे, आम्ही हात लावणार नाही' हे वाक्य एके काळी सर्रास ऐकू येई. एका स्कूटरवाल्याला मोटारीने उडवले, त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेले, तेथून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवले, आणि वाटेतच त्याचा प्राण गेला. या बातमीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर १९८९ मध्ये न्यायालयाने सांगितले की, सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य जीव वाचवणे हे आहे, कागदपत्रे नंतर. पुढे हीच गोष्ट कलम १३४ मध्येही घातली गेली. उगाच मदतीला धावलेल्या त्रयस्थाचे काय, असा प्रश्न उरत होता. त्यालाही २०१९ मध्ये कलम १३४-अ ने संरक्षण दिले. दुधाच्या टेम्पोवाल्याला आता कोणी नाव सांगण्याचीही सक्ती करू शकत नाही. तात्पर्य, भीतीची जुनी कारणे एकेक करून कमी होत आहेत. भीती मात्र पिढीजात दागिन्यासारखी आपण जपून ठेवली आहे.

आता चरात पडलेल्या माणसाच्या बाजूने पाहू. जखम झाल्यापासूनचा पहिला तास हा जीव वाचण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. त्याला कायद्यातच आता 'सुवर्णकाळ' अशा अर्थाचे नाव दिले आहे. त्या तासात त्याच्या सर्वांत जवळ जर कोणी असेल, आणि ज्याच्याजवळ हमखास वाहन असेल, तर तो धडक देणाराच! सबंध रस्त्यावर देवाने धाडलेली एकमेव रुग्णवाहिका म्हणजे तीच मोटार, आणि तीच निघून जाते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात धडक देऊन पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात देशात झाले आणि त्यांत ३०,४८६ माणसे मेली. यांतली किती वेळेवर उचलली असती तर वाचली असती, याचा हिशेब कोणी देऊ शकणार नाही. एखादे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर आणा; तेवढी वस्ती एका वर्षात अज्ञात वाहनांनी उठवली.

आणि माणूस गेला तर मागे राहणाऱ्यांचे काय? येथे त्या 'अज्ञात' शब्दाची खरी किंमत कळते. वाहन सापडले तर कुटुंबाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. मृताचे वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे, असे सारे पाहून भरपाई ठरते, आणि सक्तीचा विमा असल्यामुळे ती बहुतेक वेळा विमा कंपनी देते. म्हणजे थांबणाऱ्याच्या खिशाला सहसा मोठी तोशीसही नाही. वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून ठरावीक रक्कम. ती पूर्वी मृत्यूला २५ हजार आणि गंभीर दुखापतीला साडेबारा हजार होती. १ एप्रिल २०२२ पासून ती अनुक्रमे दोन लाख आणि पन्नास हजार झाली. तीस वर्षांचा कमावता मुलगा गेला तरी तेवढीच, सत्तर वर्षांचा वृद्ध गेला तरी तेवढीच. तेव्हा पळून जाणारा केवळ स्वतःची शिक्षा चुकवत नाही. एका विधवेच्या हक्काचा कागद, म्हणजे आपला नंबर, तो बरोबर घेऊन जातो. याला चोरी म्हणायचे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. परवाना काढून घेण्याच्या नियमांत वाहनचोर आणि हा एका यादीत का, याचे उत्तर मला तरी येथे सापडते.

मग जबर शिक्षा ठेवली की झाले, असे कोणी म्हणेल. तो प्रयोग करण्याचेही घाटत होते. जुन्या दंडसंहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत, हयगयीने मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, असे पोटकलम घातले गेले. जानेवारी २०२४ च्या आरंभी मालमोटारींच्या चालकांनी त्याविरुद्ध गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवरच्या त्या रांगा पुष्कळांना आठवत असतील. चालकांचे म्हणणे, थांबलो तर लोक मारतात, पळालो तर दहा वर्षे. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. चालकांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. भीतीमुळे जो गुन्हा होतो, त्याला आणखी मोठ्या भीतीचे औषध कितपत लागू पडेल, याची मला शंका वाटते.

त्यापेक्षा दिल्लीच्या एका खटल्याचा शेवट मला अधिक विचारात टाकतो. १० जानेवारी १९९९ च्या पहाटे एका भरधाव परदेशी मोटारीने सहा जणांचा बळी घेतला आणि ती तशीच निघून गेली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा भोगून झालेल्या दोन वर्षांच्या कैदेखेरीज त्या तरुण चालकाला दोन वर्षे समाजसेवा करण्यास आणि ५० लाख रुपये भरण्यास सांगितले. ते पैसे कशासाठी? ज्यांना धडक देणारे वाहन कधीच सापडले नाही, अशांना भरपाई देण्यासाठी. शिक्षा पुरेशी होती की नाही, यावर पुष्कळ वाद झाला, आणि तो होणे स्वाभाविक आहे. पण ज्याचे वाहन ज्ञात झाले त्याने अज्ञात वाहनांचे देणे फेडावे, ही कल्पना मला अर्थपूर्ण वाटते.

आमच्या गृहस्थांचे तीन महिने संपले. मोतीबिंदूची अफवाही आपोआप विरली. एका गोष्टीचे मात्र मला राहून राहून नवल वाटते. परवाना गेला याची त्यांना एवढी लाज वाटली की, त्यांनी धडधाकट डोळ्यांना रोग लावला. ती लाज त्या संध्याकाळी, ब्रेकवर पाय असताना, कोठे गेली होती? ती त्यांच्यात नव्हती असे नाही. गाडी हळू झाली होती, हे त्या जखमी माणसानेच सांगितले आहे. पाय थांबायला निघाला होता. त्याला हलवले ते आपल्या माणसांच्या काळजीने. आपण ज्याला संसारी शहाणपण म्हणतो, ते किती थोडक्या वेळात माणसाला माणसापासून तोडते, याचा हा पुरावा आहे.

म्हणून माझी विनंती गाडी चालवणाऱ्याला तर आहेच, पण त्याहून अधिक ती शेजारी आणि मागे बसणाऱ्यांना आहे. चालकाच्या हाती चाक असते, पण त्या क्षणी त्याच्या कानात जो शब्द पडेल तोच तो पाळतो. तो शब्द आधी ठरवून ठेवला पाहिजे, कारण तेव्हा विचाराला अवकाश नसतो. आता दिवाळीत तुम्ही सहकुटुंब गावी निघाल. पाडव्याला कित्येकांच्या दारी नवी गाडी येईल. तिला झेंडूची माळ घालाल, हळदकुंकू वाहाल, चाकाखाली लिंबू चिरडाल. हे सारे अवश्य करा. फक्त चाक फिरण्यापूर्वी घरातल्या लहानथोरांनी मिळून एक गोष्ट ठरवून टाका : आपल्या गाडीने कोणाला लागले तर आपण थांबायचे. कोणी उतरायचे, कोणी दूरध्वनी करायचा, मुलांना कोणी सांभाळायचे, हेही बोलून ठेवा. मुलांदेखतच बोला. "त्या काकांना लागलं का?" असे त्यांनी कधी विचारलेच, तर गाडीतल्या मोठ्या माणसांजवळ त्यांना देण्यासाठी पाण्याच्या बाटलीपेक्षा बरे उत्तर असले पाहिजे.